टाकी भरल्याची अफवा

चाकणच्या आमच्या कारखान्यात बायकांच्या स्वच्छतागृहात आरशाशेजारी एक रंगीत तक्ता लावलेला आहे. सगळ्यात वर पाण्याचा रंग, खाली सरबताचा, मग शेंगदाण्याच्या तेलाचा, आणि तळाला काकवीचा. आपल्या लघवीचा रंग यातला कोणता ते बघा आणि त्यानुसार पाणी प्या, असं त्यावर लिहिलंय. नोकरीला लागले त्या दिवशी तो वाचून मला भरून आलं होतं. माझ्या लघवीच्या रंगाची काळजी आजवर कोणीच केली नव्हती.

हे उपरोधाने म्हणत नाही. आमच्या तालुक्याच्या शाळेत तक्ता सोडाच, स्वच्छतागृहालाच कुलूप असायचं. ते बांधलेलं होतं, रंगवलेलं होतं, दारावर स्वच्छतेचा सुविचार होता, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात होती. तपासणीला साहेब आले की कुलूप निघायचं, फिनेलचा वास यायचा, साहेब मान डोलावायचे, आणि त्यांची जीप वळली की कुलूप परत लागायचं. न वापरलेली वस्तू टिकते, हे आमच्या शाळेने आम्हाला प्रात्यक्षिकासह शिकवलं. आम्ही मुली सकाळी घरून निघताना जाऊन यायचो आणि संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचो नाही. आई रोज उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "आली नसली तरी जाऊन घे. मग मिळायचं नाही." एसटीत बसायच्या आधी जाऊन घे, परीक्षेच्या आधी जाऊन घे, लग्नाच्या मांडवात बसायच्या आधी जाऊन घे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ती मी जाऊन घेऊनच घेतली.

कारखान्यात आम्ही गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवतो. लाइनवर सगळ्या बायका, कारण बायकांची बोटं नाजूक असतात आणि बायका सहन करतात. पहिलं कारण माहितीपत्रकात छापलंय. लाइन चालू असताना जागा सोडायची तर बदली बाई यावी लागते, तिला रिलिव्हर म्हणतात. तिला बोलवायला प्रत्येक टेबलाला एक पिवळं बटण आहे. बटण दाबलं की वरच्या फलकावर तुमच्या टेबलाचा आकडा पेटतो आणि धून वाजते. मशीन बंद पडलं तर भोंगा, माल संपला तर घंटा, आणि कोणाला लघवीला जायचं असेल तर वाढदिवसाच्या मेणबत्तीतून वाजते तसली किणकिण. कोणी निवडली ठाऊक नाही, पण माणूस आनंदी स्वभावाचा असणार. ती वाजली की सगळा मजला फलकाकडे बघतो. मग बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. तक्ता आरशाशेजारी, बाटल्या लॉकरमध्ये.

आमची रिलिव्हर म्हणजे मोशीच्या एका जुन्या शेतकरी घरातली काकू. जमिनी गेल्या, त्या जागी चाळीवजा खोल्या उठल्या, भाडं येतं, तरी काकू कामाला येते. का, असं विचारलं तर म्हणते, "घरी सून हाय. हितं निदान पंखा तरी हाय."

मी लाइनवर नव्हते, गुणवत्ता विभागात होते. माझं काम खोट्या इशाऱ्यांचं. गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, गॅरेजवाला गाडी उघडून बघतो तर बिघाड काहीच नसतो. मग तो जुडगा आमच्याकडे परत येतो, आणि दिवा कशाने लागला हे मी शोधते. या कामात माझं बरं नाव होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्यात देवाच्या विनोदबुद्धीचा थोडा भाग असावा असं वाटतं.

पस्तिशी ओलांडली आणि माझ्याच डॅशबोर्डवर दिवा लागायला लागला. आत्ताच जाऊन आलेली असायची, खुर्चीत टेकते न टेकते तोच अशी कळ यायची की जणू सकाळपासून तुंबलीय. आणि ती थांबायला तयार नसायची. घराच्या कुलपात किल्ली घातली की यायची. नळाचा आवाज ऐकला की यायची. एकदोनदा दारापर्यंत पोचेतोवर कपडे खराब झाले. ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. मुकाट्याने बादलीत बुडवले.

विभागात मात्र सगळ्यांना कळलं, कारण आपल्याकडे दुसऱ्याची लघवी हा सार्वजनिक विषय आहे. कोणी म्हणालं शुगर तपासा. कोणी म्हणालं थंडीची असते. काकूने गोखरूचा काढा सांगितला आणि वर म्हणाली, "मॅडम, तुमाला काय, तुमी बटण न दाबता जाता. आमाला तर एवढी हौस परवडायची न्हाई." एका अभियंत्याने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की हे सगळं मनाचं असतं. त्याची पदवी यंत्रांची होती, पण आत्मविश्वास सर्वांगीण.

मी मात्र शिकलेली. काढा घेतला नाही. मी आमच्या कारखान्याची पद्धत वापरली: बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, शेवटचं उत्तर ते मूळ कारण. का जावं लागतं? कारण भरते. का भरते? कारण पाणी पिते. पाचव्या 'का'ची वेळच आली नाही. मूळ कारण पाणी. उपाय: पाणी बंद. शिवाय आईचा उपाय होताच. आली नसली तरी जाऊन घ्यायचं, बसच्या आधी, मीटिंगच्या आधी, मीटिंगच्या मध्ये. कागदावर इतकं स्वच्छ विश्लेषण मी आयुष्यात केलं नव्हतं. महिनाभरात तक्त्यावर मी काकवीला पोचले आणि कळा दुप्पट झाल्या.

त्याच सुमारास साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख. माणूस चांगला. गावाकडून आलेल्या मुलांमुलींना संधी द्यावी असं त्यांना मनापासून वाटतं, आणि तसं ते त्यांच्यासमोर बोलूनही दाखवतात.

"विभागाचे प्रमुख जातायत," ते म्हणाले. "मी तुमचं नाव सुचवलंय. पुढच्या तिमाहीत ग्राहक कंपनीचं ऑडिट आहे. राउंड तुम्ही घ्यायचा. नीट पार पडला की खुर्ची तुमची."

मला 'राउंड' एवढंच ऐकू आलं. आमच्या राउंडचा एक रिवाज आहे. पाहुणा मजल्यावर आला की कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत सगळी दिंडी एकत्र चालते, आणि पाहुणा बाहेर पडेपर्यंत कोणी हलायचं नाही. फोन नाही, पाणी नाही, कुठे जाणं नाही. पूर्वी कधीतरी एक जण मध्येच गेला, नेमका त्याच्याच टेबलाचा प्रश्न निघाला आणि कंपनीवर मोठा शेरा बसला, अशी कथा आहे. तेव्हापासून साहेबांचं वाक्य ठरलेलं: "राउंड तुटता कामा नये." सकाळी सुरू झालेला राउंड जेवणापर्यंत चालतो. मला बसमधून कारखान्याच्या गेटपर्यंत धड पोचता येत नव्हतं.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्यांचं तालुक्याच्या स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आता सायकली कमी, दुचाकींचे पंक्चर जास्त. मी आईला बढतीचं नुसतं सूतोवाच केलं होतं.

"हाताखाली किती माणसं येतील गं?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही, बाबा."

"बरं, बरं. मी अजून कोणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. मागे दुकानातून कोणीतरी ओरडलं, "अभिनंदन सांगा साहेबीणबाईंना!"

मी ठरवलं, नकार द्यायचा. घरगुती अडचण म्हणून सांगायचं. बाईने घरगुती अडचण म्हटली की पुढे कोणी विचारत नाही. ही सोय पुरुषांना नाही, त्याबद्दलही कृतज्ञ असायला हवं.

नकार द्यायला निघाले त्याच सकाळी बस मोशीच्या अलीकडे अडकली. मी पिंपळे सौदागरला बसते, तिथून चाकण म्हणजे नाशिक फाटा, भोसरी, मोशी. अंतर फार नाही, पण आमच्या पट्ट्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजणारा माणूस नवा असतो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि माझ्या आत लाल दिवा. मी ड्रायव्हरदादांना दार उघडायला सांगितलं आणि रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपाकडे धावले. पोचले. पण जरा उशिरा पोचले. बाहेर आले तर ओढणी कमरेला गुंडाळलेली, आणि वाहतूक इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुटलेली. बस गेली होती. मी रिक्षा केली, चाकणकडे नाही, उलट दिशेला. घरी जाऊन कपडे बदलले आणि संत तुकाराम नगरातल्या एका मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेले.

आधी लघवी तपासली, शुगर तपासली, सोनोग्राफी झाली. जाऊन आल्यावर आत किती उरतं तेही बघितलं. सगळं ठीक निघालं. मला वाईट वाटलं. एवढा त्रास आणि रिपोर्ट कोरे. आता हे डॉक्टरही मनाचं आहे म्हणणार.

डॉक्टरांनी विचारलं, "सोसायटीत राहता का?"

"हो."

"व्हॉट्सॲप ग्रुप आहे?"

"दुर्दैवाने."

"मग समजेल. मूत्राशय म्हणजे तुमच्या गच्चीवरची टाकी. तिची भिंत स्नायूच्या पेशींची. टाकी भरत असताना या पेशींनी सैल पडून ताणलं जायचं असतं, गप्प बसून. पूर्ण गप्प त्या कोणाच्याच बसत नाहीत. एखादी मधूनच आकसते, शेजारची जरा हलते, तिथेच विरतं. म्हणजे ग्रुपवर एकाने टाकलं, 'टाकी भरली वाटतं', आणि कोणी लक्ष दिलं नाही. रीतसर सोसायटी."

"आणि माझी?"

"तुमच्या पेशी चटकन उत्तेजित होतायत, आणि एकीचं आकसणं दुसरीकडे पसरतंय. एकाने टाकलं की दुसरा पुढे पाठवतो, तिसरा अंगठा दाखवतो, बघता बघता सगळ्या इमारतीत बोंब, 'टाकी वाहतेय!' वॉचमन बिचारा धावत सुटतो. टाकीत असतं पावभर."

वॉचमन मी होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणी इतकं अचूक वर्णन केलं.

"पण हे सुरू कशाने होतं?" मी विचारलं. सवय.

"स्नायूतच, की आतल्या अस्तरात, की मज्जातंतूंच्या निरोपात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. बहुधा थोडं थोडं सगळीकडे." मग माझं पाच 'का'चं विश्लेषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हसले नाहीत, चष्मा मात्र पुसला. "पाणी तोडलंत म्हणजे लघवी दाट झाली. दाट लघवी अस्तराला झोंबते, पेशी आणखी चिडतात. आणि आली नसताना जाऊन घेता, म्हणजे टाकीला पावभरालाच 'भरली' म्हणायची शिस्त लावता. तुम्ही अफवेला पुरावा देताय."

शाळेचं कुलूप, आईचा उंबरा आणि कंपनीची विश्लेषणपद्धती, अशा तीन विद्यापीठांची माझी विद्या त्यांनी एका वाक्यात रद्द केली.

स्नायू सैल ठेवणारी गोळी दिली. चहा निम्म्यावर आणायला सांगितला, जे आमच्या विभागात राजीनाम्याच्या बरोबरीचं आहे. पाणी दिवसभर बेताबेताने प्यायचं. कळ आली की धावायचं नाही. जिथे आहोत तिथे थांबायचं, खालचे स्नायू आवळून सोडायचे, पुन्हा आवळायचे, मन दुसरीकडे न्यायचं. लाट चढते, लाट उतरते. ती उतरल्यावर सावकाश चालत जायचं. आणि दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं.

"पण एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "हे खोट्या निरोपासाठी. टाकी खरंच भरली तर जायचं. मी तुम्हाला न जायला शिकवत नाहीये."

गोळीने तोंडाला कोरड पडली. पाणी प्या म्हणणाऱ्यांनीच तहान लावायची सोयही केली होती. पण काही आठवड्यांनी चमत्कार दिसायला लागला. मी बसमध्ये हात मांडीवर घेऊन, चेहरा ध्यानस्थ करून बसायचे आणि मनातल्या मनात जुडग्यांचे रंग उलट्या क्रमाने म्हणायचे. लाट यायची, ओसरायची. शेजारच्या मुलीला वाटलं मी विपश्यना करते; तिने पत्ता विचारला. मी साहेबांकडे नकार द्यायला गेले नाही. होकारही दिला नाही. ऑडिट मात्र आलं.

पाहुणे पिकल्या केसांचे, पुण्याहून आलेले, अतिशय विनम्र आणि म्हणून अतिशय धोकादायक. दिंडी निघाली. पुढे मी, शेजारी ते, मागे साहेब आणि त्यांच्यामागे हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने सगळे. कच्चा माल झाला, कापणी झाली. मी बोलत होते, आकडे देत होते, आणि माझं मलाच नवल वाटत होतं. सकाळपासून मी ठरवून पाणी प्यायले होते आणि जाऊन घेतलं नव्हतं.

तपासणीच्या टेबलाशी कळ आली. मी थांबले. पाहुण्यांनी नेमका तेव्हाच प्रश्न विचारला, "बाई, इथे खोटा इशारा आणि खरा बिघाड तुम्ही वेगळा कसा ओळखता?"

मी गप्प उभी राहिले. आवळलं, सोडलं. लाल, हिरवा, करडा. मागून साहेबांच्या खोकण्याचा आवाज आला. पाहुण्यांना वाटलं असावं मी विचार करतेय. त्यांनी आदराने वाट पाहिली. लाट उतरली नाही. मी रंग पुन्हा म्हटले. ही कळ अफवेसारखी उसळून पडत नव्हती. ती होती तशीच राहिली, जड, शांत, भरलेली. आणि मला उमगलं की ही ती नव्हेच. ही जुनी, शाळेच्या आधीची, खरी लघवी होती. टाकी भरली होती. माझ्या पेशींनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा इमानदारीने निरोप पाठवला होता, आणि आमच्या कारखान्यात खऱ्या निरोपाला उत्तर द्यायची पद्धत नव्हती. तो दाबायचीच पद्धत होती, आणि त्या पद्धतीवर गोळी मिळत नाही.

पुढे पॅकिंगपर्यंतचा सगळा मजला होता. मागे साहेब होते. कुठेतरी सायकलच्या दुकानात बाबा होते. टेबलाला पिवळं बटण होतं. मी ते दाबलं.

किणकिण वाजली. सगळा मजला फलकाकडे बघायला लागला, मग टेबलाकडे, मग माझ्याकडे. गुणवत्ता विभागाच्या पांढऱ्या कोटातल्या माणसाने ते बटण कधी दाबलंच नव्हतं. काकू नेहमीसारखी झपाझप आली आणि मला बघून थबकली.

"मॅडम, तुमी?"

"व्हय, मीच."

"मग हितं मी काय करू? पाव्हण्यास्नी इंग्लिश बोलू?"

"हे काय आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"रिलीफ," मी म्हणाले. "मला स्वच्छतागृहात जायचंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. आल्यावर देते."

साहेबांचा चेहरा तक्त्यावरच्या शेंगदाणा तेलाच्या रंगाचा झाला. पाहुण्यांनी मात्र डोक्यावरची टोपी काढली, ते माझ्याकडे एक पाऊल सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पुरुषांचं कुठल्या बाजूला? मी मगाचपासून विचारीन विचारीन म्हणतोय. पण तुमची एवढी शिस्तीची मंडळी, म्हटलं कसं विचारावं."

त्यानंतर आमच्या कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदा राउंड तुटला. तो नुसता तुटला नाही, दोन्ही बाजूंना पांगला. साहेबही गेले. हुद्द्याचा क्रमही कोणी पाळला नाही. काकू एकटी टेबलाशी पाहुण्यांची फाइल सांभाळत उभी होती. नंतर तिने सांगितलं, "समद्यात जोरात तुमचं साहेब चाललं व्हतं."

मी परत आले आणि उत्तर दिलं: खोटा इशारा थांबून बघितला की विरतो, खरा थांबून बघितला तरी तिथेच राहतो. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. त्यांना ते वायरिंगबद्दल वाटलं, आणि वायरिंगबद्दलही ते बरंचसं खरं आहे.

त्यांच्या अहवालात आमच्या चांगल्या गोष्टींमध्ये 'राउंडदरम्यान विश्रांतीचे नियोजन' याचा खास उल्लेख होता. साहेबांनी बैठकीत सांगितलं की ते नियोजन त्यांनी बऱ्याच काळापासून मनात ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी ते किती काळ धरून ठेवलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे शंका घेतली नाही. टाळ्या मात्र मी मनापासून वाजवल्या, कारण त्याच बैठकीत खुर्ची मला मिळाली.

बाबांना फोन केला. त्यांनी पुन्हा विचारलं, हाताखाली किती माणसं. सांगितलं. पलीकडून हवा भरायच्या पंपाचा आवाज आला. "गिऱ्हाईक आलंय," म्हणून त्यांनी घाईने फोन ठेवला. आई नंतर म्हणाली, गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

नव्या खुर्चीवरचं माझं पहिलं पत्र त्या किणकिणीबद्दल होतं. बटणाला नुसता दिवा पुरे, धून नको. साहेबांनी काळजीने विचारलं, "अहो, पण मग कोण जातंय ते सगळ्यांना कळणार कसं?"

"रिलिव्हरला कळलं की पुरे, सर."

धून बंद झाली. लॉकरमधल्या बाटल्या एकेक करत टेबलाखाली आल्या. काकूच्या फेऱ्या वाढल्या आणि ती रोज मला त्याबद्दल ऐकवते. उत्पादन घसरलं नाही, याचं श्रेय 'कामगारस्नेही उपक्रम' या नावाने भिंतीवर लागलंय, साहेबांच्या फोटोसह. मी रोज त्यासमोरून जाते. सावकाश चालत.

बरी झाले असं म्हणणार नाही. सोसायटी तीच आहे, सभासद तेच. परवा बस चाकण चौकात अडकली आणि आत बोंब सुरू झाली. मोशीला चढलेली काकू शेजारीच होती; डॉक्टरांची टाकीची आणि ग्रुपची गोष्ट मी तिला केव्हाच सांगितली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने कोपराने ढोसलं.

"आला जनू मेसेज ग्रुपवर?"

"आला."

"मग? उतरायचं हाय का?"

मी पिशवीतून बाटली काढली, दोन घोट पाणी प्यायले आणि बाटली तिच्याकडे दिली.

"वाचला," मी म्हणाले. "पुढं पाठवला नाही."